चोराला न परवडणारं झाड

१

माझ्या भाचीच्या आवारातून एक झाड चोरीला गेलं.

कुंडी किंवा रोप नव्हे. माझ्या मिठीत बुंधा मावणार नाही असा, वरच्या मजल्याच्या खिडकीत डोकावणारा जुना चाफा. शनिवारी सकाळी भाची, तिचा नवरा, सगळे एका लग्नाला गेले तेव्हा तो जागेवर होता, आणि रात्री परतले तेव्हा थकव्यामुळे कुणी तिकडे पाहिलंच नाही. रविवारी उजाडता उजाडता भाची पंप सुरू करायला मागे गेली, बटण दाबलं, वर पाहिलं, तर डोक्यावर नुसतं आभाळ.

"मावशी, ताबडतोब ये," फोनवर तिचा आवाज असा की मी चहाचा कप खाली ठेवला. "येताना तुझी ती दावेवाली नजर घेऊन ये."

माझी हयात विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात गेली. जळालेली गोदामं, बुडालेल्या मोटारी, एकदा तर चक्क स्वतःच्या मालकानेच ढकलून दिलेला पियानो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सवय सुटत नाही. एखाद्या लग्नात गेले तरी मांडवाचा खर्च मनातल्या मनात मांडते आणि मग जेवणात लक्ष लागत नाही.

भाचीला घरात सगळे हेडबाई म्हणतात. शाळेशी तिचा काही संबंध नाही, पण दोन मिनिटं तिच्यासमोर उभं राहिलं की माणूस आपोआप हाताची घडी घालतो. मनाने मोठी आणि कामाला वाघ. फक्त प्रश्न तीच विचारते आणि उत्तरही तीच देते.

मी पोचले तेव्हा ती फाटकातच उभी होती.

"चोर कोण ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू फक्त पुरावा शोध."

२

मागचं आवार म्हणजे अर्धवट शिवलेला कपडा होता. बागेचं काम चालू होतं. एका बाजूला नवी हिरवळ अंथरलेली, दुसरीकडे फरशांची चळत, मधून पाण्याच्या पाइपसाठी चर, कोपऱ्यात लाल मातीचा ढीग.

"नीट सांग. पहिल्यापासून."

तिने सांगितलं. बाग नव्याने करायची ठरल्यावर तिने तिघांना बोलावलं होतं. पहिली डिझायनर बाई, हातात टॅब्लेट, रंगीत चित्रं, आणि आकडा ऐकून भाचीला खुर्ची लागली. दुसरा गडी टेम्पो घेऊन आला, फाटकातूनच नजर टाकली आणि निम्म्याहून कमी पैशांत करून देतो म्हणाला. त्याला घरात सगळे स्वस्तवाला म्हणायला लागले. तिसरे माळीकाका. पलीकडच्या रस्त्यावर त्यांची छोटी रोपवाटिका आहे. ते आले, सगळीकडे दोनदा फिरले, मातीत बोट खुपसलं, नळाची धार पाहिली आणि मग एकेक बाब सुटी करून सांगितली. मजुरी रोजावर, हिरवळ चौरस फुटावर, माती खेपेवर, राडारोडा उचलण्याचे वेगळे, पुढची निगा महिन्यावर.

"राडारोड्याचे वेगळे सांगितले?" मी विचारलं.

"हो. स्वस्तवाल्याने ते धरलेच नव्हते. नंतर उकळले असते मेल्याने. म्हणून मी माळीकाकांना काम दिलं." भाचीने कपाळाला हात लावला. "आणि त्यांनीच माझा गळा कापला."

चाफ्याचं काय, तर त्या जागी तिला दुसऱ्या गाडीसाठी फरसबंदी हवी होती. डिझायनर बाईंनी फोटो पाहून सांगितलं होतं की असे जुने चाफे हॉटेलवाले चांगली किंमत देऊन नेतात. भाचीने लगेच हिशेब मांडला: झाड विकायचं, त्यात बागेचा अर्धा खर्च काढायचा. हॉटेलचा माणूस या आठवड्यात बघायला येणार होता.

"हे माळीकाकांना माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे? 'ताई, झाड ठेवा, फरशी वळवून घेऊ,' म्हणून माझ्या मागेच लागले होते. आता कळतंय का ते. किल्ली त्यांच्याकडे, कुलूप शाबूत, हत्यारं त्यांची. आणखी काय हवं?"

"ते काय म्हणतात?"

"कानावर हात ठेवून उभे. 'ताई, मी चोर नाही,' एवढंच. त्यापुढे तोंडाला कुलूप." तिने फोन दाखवला. "मी गल्लीच्या ग्रुपवर टाकलंय. तीन घरांनी त्यांचं काम बंद केलं. संध्याकाळी मी पोलिसांत जाणार."

या गल्लीवर त्या माणसाचं घर चालतं हे मला ठाऊक होतं. दहा बागा गेल्या की रोपवाटिकेला टाळं. आणि चोर म्हणून एकदा नाव झालं, की कुणीही त्याच्या हातात फाटकाची किल्ली देत नाही.

"संध्याकाळपर्यंत थांबशील?"

"संध्याकाळपर्यंत. त्यापुढे एक मिनिट नाही."

३

मी त्या जागेकडे गेले. गुडघे कुरकुरले, पण खाली बसले.

पहिली गोष्ट मला तिथेच खटकली. खड्डा नव्हता. एवढं झाड काढलं म्हणजे माणूस आत पडेल एवढा खड्डा हवा. इथे माती परत भरलेली, पाणी मारून दाबलेली, वरून चक्क दोन फळ्या टाकलेल्या. चोरी करून घाईत पळणारा माणूस कधीपासून फळ्या टाकायला लागला?

खुरपं मागवून मी कडेची माती उकरली. जमिनीत राहिलेली तुटक्या मुळांची टोकं हाताला लागली. घराच्या बाजूची टोकं ओली होती, बोटांना चीक लागला. भिंतीच्या बाजूची मात्र काळी पडून वाळलेली. सगळीच टोकं स्वच्छ कापलेली, पण एकाच वेळी कापलेली नव्हती.

"भिंतीकडून पाइप जातोय का गं?"

"नाही. पाइप सरळ नळाकडे जातो. तिथे काकांनी मागे एकदा चर काढून परत बुजवला होता. मी विचारलं तर म्हणाले, पाणी मुरतंय का बघतोय."

मी मनात नोंद केली आणि मागच्या फाटकासमोरच्या घरी गेले. तिथे दंतवैद्य बाई राहतात. शनिवारी दवाखाना बंद असल्याने त्या गॅलरीत पुस्तक वाचत होत्या.

"पाहिलं की मी!" त्या म्हणाल्या. "भर दुपारी क्रेनचा ट्रक आला. चार-पाच माणसं, झाडाला गोणपाट गुंडाळलेलं, सगळं कसं सावकाश चाललं होतं. बागेचं काम चालूच आहे, मला वाटलं त्यातलंच काहीतरी. दात काढताना मीसुद्धा एवढी काळजी घेत नाही हो."

"माळीकाका होते त्यात?"

त्या घुटमळल्या. "ते म्हणजे... पाठमोरा एक माणूस होता खरा. डोक्याला टॉवेल बांधलेला. झाड हललं तेव्हा तो बुंध्यावर हात ठेवून उभा होता."

माळीकाका डोक्याला टॉवेल बांधतात हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

४

स्वस्तवाला चौकात टेम्पोला टेकून उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती आणि चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"बघा! मला काम दिलं असतं तर झाड जाग्यावर राहिलं असतं."

"तुम्हीच नेलं नाही कशावरून?"

तो खो खो हसला. "मी? ते झाड? अहो बाई, शेजारच्या घरी काम करताना भिंतीकडून बघितलंय मी. आतून पोकळ आहे ते. हॉटेलवाला आला असता ना, तर टिचकी मारून परत गेला असता. फुकट दिलं तरी मी टेम्पोत घालणार नाही."

"पण डिझायनर बाई म्हणाल्या की..."

"फोटोत पोकळी दिसते होय? फोटो पुढून काढलेला!"

मी त्याला मुळांबद्दल विचारलं. अर्धी वाळलेली, अर्धी ओली.

"ती त्या म्हाताऱ्या माळ्याची पद्धत," तो नाक मुरडत म्हणाला. "जुनं झाड हलवायचं असलं की आधी एका बाजूची मुळं तोडायची, माती बुजवायची, झाडाला सावरू द्यायचं. मग काही दिवसांनी दुसरी बाजू. म्हणजे झाड जगतं म्हणे. एवढा वेळ कुणाला आहे? आम्ही सरळ उपटतो. जगलं तर जगलं."

मग डिझायनर बाईंना फोन लावला. झाडाच्या किमतीविषयी त्या जरा गडबडल्या, प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं हे कबूल केलं. पण हलवायचा खर्च विचारल्यावर मात्र त्या एकदम आपल्या मैदानात आल्या. क्रेनचं दिवसाचं भाडं, माणसं, गोणपाट, दोर, नव्या जागी खड्डा, खत, टेकू. बेरीज ऐकून मी त्यांना परत विचारलं. त्यांनी परत तीच सांगितली.

मी चौकातल्या बाकावर बसले आणि कितीतरी दिवसांनी मला कामावर असल्यासारखं बरं वाटलं. झाड निरोगी असतं तरी चोराच्या हातात फारसं काही उरलं नसतं. पोकळ झाडात तर चोराला खिशातले पैसे घालावे लागले असते, आणि थोडेथोडके नाहीत.

खोटे दावे पकडताना मी एकच गोष्ट बघायचे, यात कुणाचा फायदा झाला? इथे झालाच नव्हता. हे झाड चोराला परवडतच नव्हतं.

५

माळीकाका रोपवाटिकेत रोपांना पाणी घालत होते. रविवारचं एकही गिऱ्हाईक नव्हतं. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं, पण मागच्या हिरव्या जाळीच्या आडोशाकडे पाठ करून ते असे उभे राहिले की मला तिकडे बघायची इच्छा आणखीच झाली.

"मी त्या ताईंची मावशी. मला माझ्या घरी थोडं काम करून घ्यायचंय. हिरवळ घालायला किती लागेल?"

"जागा बघावी लागेल मावशी. ऊन किती, उतार कसा. बघितल्याशिवाय मी दर सांगत नाही."

"कुंपणाला मेंदी?"

"तेही बघूनच."

"पाण्याच्या नळ्या?"

"बघून." ते जरा हसले. "लोक चिडतात माझ्यावर. पण न बघता सांगितलेला दर म्हणजे एकतर मी बुडणार नाहीतर तुम्ही."

"बरं. आणि असं समजा, माझ्याकडे एक जुना चाफा आहे, वरच्या मजल्यापर्यंत गेलेला. तो हलवायचा झाला तर?"

त्यांनी तोंड उघडलं आणि सरळ आकडा सांगितला. शेवटच्या शंभरापर्यंत. क्रेन, माणसं, गोणपाट, सगळं धरून.

नळीतलं पाणी त्यांच्या पायावर पडत राहिलं. ऊन, उतार, माती, काहीच त्यांनी विचारलं नव्हतं. आम्हा दोघांनाही ते एकदमच कळलं.

"काका," मी हळू आवाजात म्हटलं, "हात तुमचे आहेत. ते मला मुळांनीच सांगितलं. पण खिसा तुमचा नाही. एवढा खर्च करायला तुम्ही वेडे नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी पायावरची नळी बाजूला केली. मग नळ बंद केला.

"शब्द दिलाय मावशी. ते म्हणाले, मी घरी सांगतो, तोवर तुम्ही बोलू नका. ते सांगतील."

"आणि नाही सांगितलं तर? तीन घरं गेली तुमची. संध्याकाळी पोलीस येतील."

त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून हात पुसले. "मुलीची फी भरायची आहे या महिन्यात," एवढंच म्हणाले. पण नाव सांगितलं नाही.

नाव मला कळलं होतं. 'घरी सांगतो' म्हणणारा घरातलाच होता. भाची न बघता पहाटे पंपाकडे धावत जाते, अंधारात तिचा पाय खड्ड्यात जाऊ नये एवढी काळजी फळ्या टाकायला सांगणाऱ्याला होती.

६

भाची आणि तिचा नवरा स्वयंपाकघरात होते. जावईबापू म्हणजे अतिशय सज्जन माणूस. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या तोंडून 'चालेल', 'बघू' आणि 'तू म्हणशील तसं' याखेरीज फारसं काही ऐकलं नव्हतं. ते भांडी पुसत होते. एकच पातेलं, पुन्हा पुन्हा.

"काय गं, सापडला पुरावा?" भाचीने विचारलं. तिने पर्स आधीच खांद्याला लावली होती.

"एक विचारायचं राहिलं. शनिवारी लग्नाहून इतक्या उशिरा का परतलात?"

"अगं याच्यामुळे! मी जेवून लगेच निघणार होते. हाच म्हणाला, थांबू या ना संध्याकाळपर्यंत, सगळे भेटतील. कधी नव्हे ते मत दिलं, म्हटलं ऐकावं."

पातेलं पुसायचं थांबलं.

मी भाचीला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पोकळ बुंधा, चोराच्या अंगावर पडलेला खर्च, दोन वेळा तोडलेली मुळं, भरलेला खड्डा, पाठ असलेला दर. कुणाचंही नाव मी घेतलं नाही. गरजच पडली नाही, कारण माझं बोलणं संपायच्या आधीच ती नवऱ्याकडे बघत होती.

"तू?" ती म्हणाली.

"हो."

"माझ्याच घरातून माझंच झाड?"

"आपलं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाटलं भास झाला.

"अरे, पण का? मला सांगायचं ना! मी विचारलं होतं तुला, झाड विकू या का म्हणून!"

"विचारलंस. आणि मी तोंड उघडेपर्यंत फरशीचा रंग ठरला." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "ऑफिसातून आल्यावर गाडी लावून मी थोडा वेळ त्याच्याखाली उभा राहतो. रोज. मग घरात येतो. दुसरं काही नाही. तेवढं मला हवं होतं."

भाचीने खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली. नवरा रोज आल्या आल्या दार वाजवत नाही, बाहेर थोडा वेळ थांबतो, हे तिला माहीत नव्हतं. बिचारीला राग यायला हवा होता, आणि तो तिला सापडत नव्हता.

मला मात्र आला होता. "जावईबापू, तुमचं झाड वाचलं. त्या माणसाचं काय? दिवसभर तो चोर म्हणून जगतोय आणि तुम्ही इथे मूग गिळून भांडी पुसताय?"

त्यांची मान खाली गेली. "सकाळपासून सांगायचं म्हणतोय. हिने ग्रुपवर टाकलं, मग आणखीच धीर होईना."

"पोरीची फी भरायचीय त्यांना या महिन्यात."

ते ऐकल्यावर ते उठले आणि चप्पल घालायला लागले.

आम्ही तिघं रोपवाटिकेत गेलो. जाळीच्या आडोशाला चाफा उभा होता, वरच्या फांद्या छाटलेला, चारही बाजूंनी बांबूंचे टेकू, बुंध्याभोवती ओलं गोणपाट. बुंध्यावर चुन्याचा ठिपका होता, पूर्वी ज्या अंगाला ऊन लागायचं ते अंग इथेही उन्हाकडेच राहावं म्हणून. झाडाखाली कुणाला तरी बसण्यासाठी एक पालथी पाटी ठेवलेली होती. ती कुणाची हे कुणी विचारलं नाही.

माळीकाका भाचीसमोर येऊन उभे राहिले. "ताई, पैसे साहेबांचे, पण फसवलं मी तुम्हाला. पाणी मुरतंय म्हणालो, ते खोटं होतं."

"काका, तुम्ही नका बोलू," भाचीने त्यांना थांबवलं. तिने घाईघाईने फोन काढला. "थांबा, मी आत्ताच्या आत्ता ग्रुपवर लिहिते. गैरसमज झाला म्हणून. नवरा माझा, मीच निस्तरते."

"नाही," जावईबापू म्हणाले.

भाचीचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

"लिहून नाही. मी जातो, काकांना बरोबर घेऊन. प्रत्येक घरी. ज्यांनी काम बंद केलं त्यांच्या तोंडावर सांगतो."

ते गेले. आम्ही दोघी गाडीत बसून बघत राहिलो. दंतवैद्य बाईंचं दार उघडलं. ते उंबऱ्यात उभे राहून काहीतरी सांगत होते, मधेच अडत होते, पुन्हा सुरू करत होते. बाई आधी ऐकत होत्या, मग त्यांनी हात नाचवत बरंच काही सुनावलं. मग माळीकाकांच्या हातात आपल्या फाटकाची किल्ली ठेवली.

"मावशी," भाची समोर बघतच म्हणाली, "त्याला माझी भीती वाटते का गं?"

"भीती नाही. तुझ्यापुढे त्याला जागा मिळत नाही."

तिने डोळे पुसले. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि ती रडली तर रडू दिलं.

जावईबापू गाडीशी आले. कपाळ घामाने थबथबलेलं, कान लाल. "झालं एक घर," ते म्हणाले. "उरलीत अजून."

"मी येऊ बरोबर?"

त्यांनी विचार केला. "ये. पण बोलणार मी."

"बरं." ती खाली उतरली, पदर सारखा केला आणि दोन पावलं चालून थांबली. "ऐक ना. झाड घरी आणायचंच आहे. कुठे लावू या?"

एवढं विचारून ती गप्प उभी राहिली. जावईबापू रस्त्याकडे बघत विचार करत होते, आणि त्याला चांगलाच वेळ लागत होता. तिने एकदा तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबली.